दरडावल्याने काम होतं का?

"चार शब्द सुनावल्याशिवाय इथं कुणी हलत नाही," असं म्हणणारे साहेब आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. हा समज येतो कुठून?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना तो इस्रायलच्या हवाई दलात भेटला. तिथले एक अनुभवी प्रशिक्षक म्हणाले, की शिकाऊ वैमानिकाची पाठ थोपटली की त्याची पुढची कसरत बिघडते, आणि खडसावलं की सुधारते. निरीक्षण खरं होतं, पण त्यामागचं कारण त्यांनी चुकीचं लावलं होतं. एखाद्याचं काम एका दिवशी फारच घसरलं, तर पुढच्या खेपेला ते बहुधा आपसूकच नेहमीच्या पातळीवर येतं. मधल्या ओरड्याला फुकटचं श्रेय मिळतं.

मग ओरडण्याने काहीच साधत नाही का? साधतं, पण साहेब समोर असेपर्यंत. कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १० वर्षांच्या मुलांचे गट केले. त्यांचे निष्कर्ष १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलं मुखवटे बनवत होती. काही गटांत प्रमुख प्रत्येक गोष्ट स्वतः ठरवायचा, तर काहींत मुलांशी बोलून ठरायचं. हुकमाखाली दबलेल्या मुलांनी प्रमुखासमोर भरपूर काम केलं. तो खोलीबाहेर पडताच हात थंडावले. विचारविनिमयाने चालणारी मुलं मात्र प्रमुखाच्या माघारीही कामात रमलेली दिसली.

आपल्या कचेऱ्यांत साहेबांसमोर असेपर्यंतच काम करण्याच्या वृत्तीला 'पाट्या टाकणं' म्हणतात. पण त्याहून महाग पडतं ते गप्प बसणं. माल शुक्रवारी निघणार नाही, हे गोदामातल्या माणसाला सोमवारीच कळलेलं असतं. पण मागच्या बैठकीत खरं बोलणाऱ्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलेलं त्याने पाहिलेलं असतं. म्हणून तो म्हणतो, "होऊन जाईल, साहेब." आणि शुक्रवारी गिऱ्हाइकाचा फोन येतो.

शिस्त हवीच, चूक दाखवायलाही हवी. ती माणसाला बाजूला घेऊन दाखवावी आणि आधी विचारावं, "अडलं कुठं?" वाईट बातमी आणणाऱ्याला साहेब पहिलं वाक्य काय ऐकवतात, यावर पुढची बातमी त्यांच्यापर्यंत वेळेत पोचणार की नाही, हे ठरतं.