सबिलीचा कूलर आणि अर्थिंगचा हिशोब



मी इंजिनिअर असलो तरी माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. आज मात्र बोलायचंय अर्थिंगबद्दल.

उन्हाळ्यात आपण सबील म्हणून नाक्यावर वॉटर कूलर बसवतो. टाकी, फिल्टर, कंपनी सगळं पाहतो. अर्थिंगचं विचारलं, की उत्तर येतं, "मीठ-कोळशाचा खड्डा केलाय ना!"

जरा हिशोब करू. आतली फेजची वायर सोलून पत्र्याला टेकली. करंट अर्थवायरने खड्ड्यात आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो. या सगळ्या वाटेचा रोध 20 ओहम धरा. 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीला हा रोजचाच लोड वाटतो, तो पडत नाही. पत्र्यात करंट तसाच राहतो, आणि अनवाणी, ओल्या पायाचं पोर नळाला हात लावतं.

म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट तो ताडून पाहतो. फरक दिसला, की क्षणात सप्लाय तोडतो. अर्थवायर शाबूत असेल तर कुणी हात लावण्याआधीच तोडतो. ती नसेल, तर माणसाला झटका बसल्यावरच त्याला कळतं. म्हणून दोन्ही हवेत.

काही जण अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडतात. हे कधीही करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर घरातल्या चालू उपकरणांतून फेज फिरून थेट फ्रिजच्या पत्र्यावर येतो. न्यूट्रल जमिनीला जोडायची जागा ट्रान्सफॉर्मरपाशी असते, आपल्या सॉकेटमध्ये नाही.

आणि बाँडिंग. बाथरूममधला गिझर आणि लोखंडी पाइप एकाच अर्थपट्टीला जोडा. मग बिघाड झाला तरी एक हात गिझरला, दुसरा नळाला लागला, तर दोघांत व्होल्टेजचा फरक जवळपास उरत नाही.

आज घरी गेल्यावर लाइट असताना आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. पडला नाही तर बदला. नसेलच, तर परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. मग मोहल्ल्यातला कूलर आणि वजूखान्याचा पंप तपासा.

पाणी पाजण्यात सवाब आहे. पुढच्या सबिलीच्या वर्गणीत आरसीसीबीचा आणि अर्थिंगचा खर्चही आधीच धरा.