डिजिटल माध्यमे आणि भारतीय भाषा : लिपीचे अर्थकारण

(विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



नव्या माध्यमांमुळे भाषा बिघडत चालली आहे, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. तरुण पिढी शब्दांची काटछाट करते, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करते, मराठी वा हिंदी मजकूर रोमन लिपीत लिहिते, असे आक्षेप घेतले जातात. हे बदल घडत आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांचे कारण केवळ तरुणांच्या अनास्थेत शोधणे योग्य ठरणार नाही. कोणती लिपी वापरणे स्वस्त आणि कोणती महाग, या प्रश्नाचाही त्यात मोठा वाटा आहे.

लिपीची किंमत

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. मोबाईल सेवेचा आरंभही त्याच वर्षी जुलैअखेर झाला आणि पुढे लघुसंदेश घरोघरी पोहोचला. एका लघुसंदेशात १४० बाइट एवढीच माहिती मावते. रोमन अक्षराला ७ बिट पुरत असल्याने त्यात १६० अक्षरे बसतात. देवनागरी, बंगाली किंवा तमिळ चिन्हाला १६ बिट लागतात, त्यामुळे केवळ ७० चिन्हे बसतात. त्यातही काना, वेलांटी आणि हलन्त यांची गणना स्वतंत्रपणे होते. ‘विद्यार्थी’ हा शब्द उच्चारताना तीन अक्षरांचा, परंतु यंत्राच्या हिशेबात दहा चिन्हांचा असतो. मजकूर थोडा लांबला, की एकाऐवजी दोन संदेशांचे पैसे पडत. शिवाय अनेक जुन्या हँडसेटवर भारतीय लिपी दिसतच नसे. अशा स्थितीत रोमन लिपीची निवड हा भाषाद्रोह नव्हता; तो ग्राहकाचा साधा हिशेब होता.

या हिशेबाची किंमत भाषेला मोजावी लागली. ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कल’ हे तीन भिन्न शब्द रोमन लिपीत बहुधा एकसारखेच लिहिले जातात. ऱ्हस्व-दीर्घ आणि ‘ल-ळ’ हे भेद लिखाणातून पुसले जातात. पुढे संदेशांचे दर उतरले, हँडसेट सुधारले, तरी सवय मात्र टिकून राहिली.

शब्दसंग्रहाची कथा मात्र वेगळी आहे. ‘फाईल’ मराठीत स्त्रीलिंगी झाली आणि तिचे अनेकवचन ‘फायली’ असे होते. ‘मेसेज’ येतो, तर ‘लिंक’ येते. शब्द परका असला, तरी त्याला लिंग, वचन आणि क्रियापद मराठी व्याकरणच देते. उसने शब्द घेतल्याने भाषा मरत नाही. तिच्यात लिहिण्याचे व्यवहार आटले, तर मात्र ती क्षीण होते.

प्रमाणीकरण : एक सार्वजनिक वस्तू

संगणकाच्या आरंभीच्या काळात निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट निरनिराळ्या पद्धतीने चालत. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आले आणि पुढे ‘युनिकोड’ या जागतिक मानकाने प्रत्येक चिन्हाला निश्चित क्रमांक दिला. असे मानक ही अर्थशास्त्रीय परिभाषेत सार्वजनिक वस्तू होय. एकाच्या वापराने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. उलट वापरणारे वाढतात, तसतशी तिची उपयुक्तता वाढते. परंतु ती केवळ बाजारावर सोडली, तर लहान भाषा मागे पडतात, कारण त्यांचा ग्राहकवर्ग लहान असतो.

संथाळी भाषेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये तिच्यासाठी ‘ओल चिकी’ लिपी निर्माण केली. ९२ व्या घटनादुरुस्तीने (२००३) बोडो, डोगरी व मैथिलीसह संथाळीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. ओल चिकीला युनिकोडमध्ये स्थान मात्र २००८ मध्ये मिळाले. म्हणजेच संविधानाने मान्य केलेल्या भाषेची लिपी आणखी काही वर्षे जागतिक मानकाबाहेरच होती. स्थान मिळाल्यानंतर दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, संथाळी विकिपीडिया सुरू झाला. कायदेशीर मान्यतेला तांत्रिक पायाभूत सुविधेची जोड मिळाली, तरच भाषा व्यवहारात उतरते, हा यातील धडा आहे.

पुढील आव्हान

शासनाने या दिशेने काही पावले उचलली आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या मानकानुसार हँडसेटवर सर्व २२ अनुसूचित भाषांतील संदेश वाचता येणे अपेक्षित आहे. २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा यांत्रिक अनुवादाचा उपक्रम सुरू झाला. परंतु २०११ च्या जनगणनेत १०,००० हून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषांची नोंद आहे. त्यांपैकी ९९ अनुसूचीबाहेर आहेत. सुमारे ३० लाख भाषक असलेली गोंडी त्यांपैकीच एक. अनुवाद करणारे यंत्र उपलब्ध मजकुरावरून शिकते. ज्या भाषेत डिजिटल मजकूरच नाही, तिच्याबाबत ते मुके राहते. शिधापत्रिका, पीकविमा, शिष्यवृत्ती या सेवा जसजशा पडद्यावर जात आहेत, तसतसा हा मूकपणा नागरिकाच्या हक्काआड येऊ लागतो.

संविधानाच्या अनुच्छेद २९(१) ने आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे. या हक्कात ‘लिपी’ हा शब्द स्वतंत्रपणे आला आहे, हे ध्यानात घ्यावे. डिजिटल युगात लिपीचे जतन म्हणजे कळफलक, मानक आणि मजकूर यांची उपलब्धता होय. म्हणूनच भाषेच्या प्रश्नाकडे केवळ अस्मितेचा विषय म्हणून न पाहता, रस्ते आणि वीज यांप्रमाणे विकासाची एक पायाभूत गरज म्हणून पाहणे आवश्यक आहे.