समान राशी आणि पाढा

दिवेलागणीच्या वेळी आपल्या घराघरांतून ‘बे एके बे, बे दुणे चार’ असा जो घोष पिढ्यान्‌पिढ्या उठत आला, त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. वाण्याच्या दुकानापासून कुळकर्ण्याच्या दफ्तरापर्यंतचे हिशेब या मुखोद्गत पाढ्यांनी आणि पावकी-निमकीनेच बिनचूक चालविले. माझे म्हणणे इतकेच की, पाढा मुखात येण्यापूर्वी तो मुलाच्या हातांखालून गेला पाहिजे.

सातएक वर्षांच्या मुलापुढे चोवीस चिंचोके ओतावेत आणि ते मोजावयास सांगावे. एकेक चिंचोका बोटाने सारीत ते मोजू लागेल, मध्येच कोणी हाक मारली की सतरा झाले की अठरा याची त्याला खातरी राहणार नाही, आणि ते पुन्हा एकपासून आरंभ करील. मग सुचवावे की, सहा-सहांची ओळ मांड. बहुधा एका ओळीत सहा आणि दुसरीत पाच पडतील. ती चूक आपण घाईने दुरुस्त करू नये, कारण ओळी विषम असल्या की ‘सहा, बारा, अठरा’ ही मोजणी फसते, हे मुलाचे मुलाला उमगणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे. बेरीज कोणत्याही राशींची होते. गुणाकाराला राशी समानच लागतात. पुस्तकातील चित्रांत ओळी आधीच सारख्या छापलेल्या असतात, म्हणून या कामी चित्रांचा उपयोग थोडा, असे माझे स्पष्ट मत आहे. चारही ओळी जुळल्या म्हणजे ‘सहा चोक चोवीस’ हे फरशीवर साक्षात मांडलेले दिसते: ओळीत सहा, ओळी चार.

आता मुलाला उठवून बाजूच्या अंगाला बसवावे. एकही चिंचोका हललेला नसतो, तरी ओळी सहा आणि प्रत्येकीत चार. म्हणजे ‘चार सक चोवीस’. पाठांतराचा जवळजवळ निम्मा भार येथेच उतरतो.

‘सात आठे’पाशी अडलेल्या मुलाने सातांच्या आठ ओळी मांडून पाचवीनंतर एक काडी आडवी ठेवावी: वर पस्तीस, खाली एकवीस, मिळून छप्पन्न. इ.स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण घातले, त्याची एक रीत हीच आहे, १२ चे ८ आणि ४ असे खंड पाडावेत, १०८० आणि ५४० काढावेत, की बेरीज १६२० येते.

पुढे कधी तीस चिंचोके देऊन सातांच्या ओळी मांडावयास सांगावे. चार ओळी होऊन दोन उरतील, आणि ‘हे कोठे ठेवू?’ असे मूल विचारील. ते बाजूस ठेवू द्यावेत, आणि पाचवी ओळ पुरी व्हावयास आणखी किती लागतील, एवढेच त्याला विचारावे. भागाकाराचा पाठ तेथून सुरू होतो.