रिकामी बाटली फेकू नका



२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, सुमारे २० जण दगावले. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, औषध कोणतं? बाटली तर बांधावर फेकलेली. मग डॉक्टर चाचपडतात, आणि बिल नसलं की दुकानदार हात झटकतो.

मी शेतकी पदवीधर. पंपाला किती मिली, हे वर्षानुवर्षं सांगत फिरलो. बिल जपा, हे एकदाही सांगितलं नाही. ती चूक आज दुरुस्त करतो.

पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर बघा. लेबलासकट बाटली हंगामभर कुलपात ठेवा, पोरांच्या हाती लागू देऊ नका. वहीत तारीख, वेळ, कोणकोणती औषधं मिसळली आणि फवारणाऱ्याचं नाव लिहा. मजूर असला तरी लिहा.

चक्कर, उलटी आली की कपडे काढा, साबणानं अंग धुवा, बाटली घेऊन दवाखाना गाठा. फवारणीतून झालं हे स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहिलंय का, वाचून घ्या. ‘विष घेतलं’ असं लिहिलं गेलं, तर आत्महत्या ठरते आणि अपघाताची मदत अडते.

कापसाच्या हिशेबात आपण लुटले गेलो. जिवाचा हिशेब तरी आपल्या वहीत असू द्या.