थकबाकीचे खाते



विश्वकोशाच्या रूपाने अवघ्या ज्ञानाची अकारविल्हे मांडणी ज्या वाईत झाली, तेथे आपले स्वागत करण्याचा मान, ज्याची उभी हयात मामलेदार कचेरीत फेरफाराच्या नोंदी करण्यात गेली अशा मजसारख्या कारकुनाकडे यावा, हे स्वागत समितीचे औदार्य होय. कृष्णेचा घाट जवळच आहे. परंतु स्वयंसेवकाचा हात धरल्यावाचून कोणी पायऱ्या उतरू नये, एवढी ताकीद स्वागतातच देऊन ठेवतो.

आजच्या सभेसाठी दीर्घकालीन ताण आणि वार्धक्य हा विषय ठरला तेव्हा, म्हातारपणी कसला आला ताण, पेन्शन घ्यावे आणि स्वस्थ बसावे, असे आमच्या एका सदस्यांनी बोलूनही दाखवले. मला मात्र त्या विषयात जुनी कचेरीच दिसली. बाका प्रसंग आला म्हणजे अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल स्रवते, रक्तातली साखर चढते, आणि प्रसंग टळताच मेंदू तो हुकूम मागे घेतो. प्रकरण असे वेळीच निकाली निघाले तर देहाची तक्रार नसते. पण जे निकाली निघतच नाही, रोज सकाळी पुन्हा टेबलावर येते, त्याचा तगादा हृदयाला, रक्तवाहिन्यांना आणि स्मरणशक्तीला सोसावा लागतो. ब्रूस मॅक्यूएन आणि इलियट स्टेलर यांनी १९९३ साली या साचलेल्या झिजेला ‘ॲलोस्टॅटिक लोड’ म्हटले. मी आपला तिला थकबाकी म्हणतो.

माझ्या पत्नीस स्मृतिभ्रंश जडला त्यास सहा वर्षे झाली. दुसऱ्या वर्षी सुपारी कातरताना अडकित्त्याने माझ्या अंगठ्याला पडलेली चीर महिना उलटला तरी भरेना. हळद झाली, मलम झाले, साखर तपासली तर तीही ठीक निघाली. तेव्हा डॉक्टरांनी अंगठा बाजूस ठेवून विचारले, “नाना, रात्री झोप किती लागते?” मी निरुत्तर झालो, कारण ती रात्री उठून दाराची कडी काढू लागे आणि “मला घरी जायचंय” म्हणे, आणि घर तर हेच होते. एका अंगठ्यावरून सिद्धांत काढू नये, हे मला कळते. परंतु अमेरिकेतील ओहायोत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया व साधारण त्याच वयाच्या अन्य १३ स्त्रिया घेऊन, प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम करून पाहिली, तो वृत्तांत १९९५ साली प्रसिद्ध झाला आहे: शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले.

प्राणायाम, चालणे, निद्रा यांवर अधिकारी वक्ते बोलतीलच, आणि त्यांचा गुण येतो. माझे गाऱ्हाणे इतकेच की, ज्याला दारापासून पाच मिनिटे हलता येत नाही त्याला मन शांत ठेवा म्हणून सांगणे व्यर्थ आहे. त्याला रजा हवी. आमच्या आळीने पाळ्या लावल्या आहेत. मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी दोन तास एक शेजारी माझ्या घरी बसतात आणि मी घाटावर बसतो, बहुधा काहीही न करता. पत्नी त्यांना आपला भाऊ समजते व चहा विचारते.

त्याच धर्तीवर मंडपाच्या उजव्या हाताच्या खोलीत, ज्यांना घरी एकटे ठेवता येत नाही अशा आप्तांची सोय केली आहे. माझी पत्नीही तेथेच आहे. तेव्हा कार्यक्रम चालू असता मी मधूनच व्यासपीठावरून उठून गेलो तर अध्यक्षांनी अवमान मानू नये, आणि पंगतीत काही उणे पडले तर आपण पदरात घ्यावे, अशी विनंती करून सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.