दोन याद्या आणि एक क्रिया



दूध संकलन केंद्रावर पहाटे जी वही उघडली जाते, तिच्यात दोन रकाने महत्त्वाचे असतात. एका रकान्यात प्रत्येक उत्पादकाने घातलेले दूध लिटरमध्ये नोंदविलेले असते. दुसऱ्यात फॅट तपासून ठरलेला दर असतो. समजा, चार उत्पादकांनी अनुक्रमे ६, ४, ९ व ५ लिटर दूध घातले आणि त्यांचे दर लिटरला अनुक्रमे ३८, ४१, ३६ व ४० रुपये ठरले. लेखनिक पहिल्याचे लिटर पहिल्याच्या दराने गुणतो, दुसऱ्याचे दुसऱ्याच्या दराने, आणि याच क्रमाने शेवटपर्यंत जातो. रकमा येतात त्या २२८, १६४, ३२४ व २०० रुपये. एकूण देणे ९१६ रुपये.

या नित्याच्या कामात दोन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक गुणाकाराची आणि दुसरी जोडी लावण्याची. गुणाकार शाळेत पाढ्यांच्या साहाय्याने वर्षानुवर्षे घोटून घेतला जातो. जोडी लावणे मात्र कोणी शिकवीत नाही; ते आपोआप बरोबरच होणार असे गृहीत धरले जाते. संगणकशास्त्राच्या ज्या शाखेस फलनाधिष्ठित आज्ञावली-लेखन असे म्हणता येईल, तिने या दोन गोष्टी एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या काढल्या. त्या वेगळेपणात ग्रामपंचायतीच्या दप्तरापासून सचिवालयाच्या विभागापर्यंत प्रत्येक यादीला लागू पडणारा धडा आहे.

फलन म्हणजे काही मूल्ये दिली असता त्यांवरून एक ठरलेले उत्तर देणारा नियम. गुणाकार हे दोन मूल्ये घेणारे फलन होय. फलनाधिष्ठित पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात असा नियम स्वतःच एक वस्तू मानला जातो आणि दुसऱ्या नियमाच्या हाती सोपविता येतो. या विचाराचा पाया अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० नंतरच्या दशकात घातला. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प या संगणक-भाषेचे काम आरंभिले आणि १९६० मध्ये तिच्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. १९८७ मध्ये या क्षेत्रातील अभ्यासकांनी एक सामाईक भाषा घडविण्याचे ठरविले आणि १९९० मध्ये तिचे पहिले प्रतिवृत्त निघाले. गणितज्ञ हॅस्केल करी यांच्या नावावरून तिला हॅस्केल असे नाव मिळाले.

हॅस्केलमध्ये प्रस्तुत कामासाठी 'झिपविथ' नावाचे तयार फलन आहे. झिप म्हणजे दप्तराला किंवा कपड्याला असते ती चेन. चेन ओढली की डावीकडचे आणि उजवीकडचे दात क्रमाने एकमेकांत बसत जातात. झिपविथ नेमके हेच करते. त्याला तीन गोष्टी द्याव्या लागतात: दोन मूल्ये घेणारा एक नियम, एक यादी आणि दुसरी यादी. त्याची कार्यपद्धती तीन वाक्यांत सांगता येते. दोन्ही याद्यांतील पहिली मूल्ये घ्यावीत आणि त्यांवर नियम चालवून येणारे उत्तर लिहावे. मग उरलेल्या दोन याद्यांवर हीच पद्धत पुन्हा चालवावी. दोहोंपैकी कोणतीही यादी संपली की थांबावे.

यातील सोय अशी की, जोडी लावण्याची रीत एकदाच लिहावी लागते आणि नियम मात्र हवा तसा बदलता येतो. गुणाकार दिला की दुधाच्या रकमा मिळतात. बेरीज दिली की प्रत्येक विद्यार्थ्याचे लेखी व तोंडी परीक्षेचे गुण एकत्र होतात. वजाबाकी दिली की नळजोडणीच्या मीटरवरील या महिन्याच्या नोंदीतून मागील नोंद वजा होऊन प्रत्येक घराचा पाणीवापर समजतो. तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सहा गुणिले चार आणि चार गुणिले सहा यांत भेद नाही. परंतु वजाबाकीत तो आहे. नवी नोंद पहिल्या यादीत हवी आणि जुनी दुसऱ्या. याद्यांची अदलाबदल झाली तर वापर झालेल्या प्रत्येक घराचा आकडा ऋण येईल.

आणखी एक भेद ध्यानी घेण्यासारखा आहे. पाढ्यांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीतील अंक प्रत्येक स्तंभातील अंकाशी गुणला जातो. तीन ओळी व तीन स्तंभ असतील तर उत्तरे नऊ येतात. जोडीच्या हिशेबात तीन आणि तीन मूल्यांची उत्तरे तीनच येतात. पहिल्या उत्पादकाच्या दुधाचा दुसऱ्याच्या दराशी काहीही संबंध नसतो.

या रीतीचे सामर्थ्य केवळ हिशेबापुरते नाही. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःसूत्रांवर मृतसंजीवनी ही टीका लिहिली. तिच्यात लघु-गुरूंच्या रचना मोजण्यासाठी मेरुप्रस्ताराची मांडणी सांगितली आहे. त्या मांडणीतील १, ३, ३, १ ही ओळ घ्यावी. एकदा तिच्या आरंभी शून्य लिहावे, म्हणजे ०, १, ३, ३, १ अशी यादी होते. एकदा तिच्या शेवटी शून्य लिहावे, म्हणजे १, ३, ३, १, ० अशी दुसरी यादी होते. या दोन याद्यांवर बेरजेचा नियम जोडीने चालविला की १, ४, ६, ४, १ ही पुढची ओळ तयार होते. एकच ओळ स्वतःशेजारी एक घर सरकवून ठेवली आणि मेरूची नवी पायरी उभी राहिली. येथे ते सरकणे हेतुपूर्वक केलेले आहे, आणि रिकामी पडलेली जागा शून्याने भरून काढलेली आहे.

हेच एक घर सरकणे नकळत घडले तर काय होते, हे पाहण्यासाठी पुन्हा दुधाच्या वहीकडे वळावे लागेल. समजा, दरांची यादी उतरवून घेताना दुसऱ्या उत्पादकाचा ४१ हा दर राहून गेला. आता लिटरांच्या यादीत चार आकडे आहेत आणि दरांच्या यादीत ३८, ३६ व ४० हे तीनच. झिपविथ तक्रार न करता हिशेब पुरा करते. पहिल्यास २२८ रुपये, दुसऱ्यास चार लिटरांचे ३६ च्या दराने १४४ रुपये, तिसऱ्यास नऊ लिटरांचे ४० च्या दराने ३६० रुपये. चौथ्यापर्यंत पोचण्यापूर्वी दर संपतात आणि काम थांबते. दुसऱ्याचे २० रुपये कमी झाले, तिसऱ्यास ३६ रुपये अधिक गेले आणि चौथ्याचे नाव उत्तरांच्या यादीत उरलेच नाही. तिन्ही गुणाकार निर्दोष आहेत. लेखापरीक्षकाने एकेक गुणाकार तपासला तरी त्यात दोष सापडणार नाही. दर ज्याचा राहिला तो दुसरा होता, पण सर्वांत मोठे नुकसान झाले ते शेवटच्याचे, ज्याच्या नोंदीत काहीही चूक नव्हती.

भाषा घडविणाऱ्यांनाही हा प्रश्न सुटलेला नव्हता, असे त्यांच्या भिन्न भिन्न निर्णयांवरून दिसून येते. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ मध्ये ज्या अंकनपद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तिच्यातून निघालेली एपीएल ही भाषा असमान लांबीच्या याद्या नाकारते आणि लांबी चुकल्याचा इशारा देते. ओकॅमल भाषेतील संबंधित फलनही काम थांबवून दोष दाखविते. संख्याशास्त्रात वापरली जाणारी आर ही भाषा आखूड यादी संपली की ती पुन्हा पहिल्यापासून घेते. पायथन भाषेतील 'झिप' हे फलन हॅस्केलप्रमाणेच गुपचूप थांबत असे, आणि आजही न सांगितल्यास तसेच थांबते. परंतु २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून दोन्ही याद्या काटेकोरपणे समान असल्याच पाहिजेत, अशी अट त्याला घालता येते.

आखूड यादीपाशी थांबणे हे मूर्खपणाचे मात्र नव्हे. गावातील मतदारांच्या नावांना अनुक्रमांक द्यावयाचे असतील, तर एका बाजूस १, २, ३ अशी न संपणारी संख्यांची यादी ठेवावी व दुसऱ्या बाजूस नावांची. नावे संपली की काम थांबलेच पाहिजे. हॅस्केलमध्ये अशी अनंत यादी खरोखर ठेवता येते, कारण ती भाषा लागेल तेवढेच मूल्य काढते. प्रश्न एवढाच की, एक यादी लांब आहे हे ठरवून आहे की चुकून आहे. ते यंत्राला आपसूक कळत नाही. यंत्र चालविणाऱ्याने ते सांगावयाचे असते.

लांबी तपासली म्हणजे सर्व काही साधले, असेही मानता येत नाही. कार्यालयांतून आज एक्सेलचे तक्ते सर्रास वापरले जातात. नावांचा रकाना अकारविल्हे लावताना शेजारचा बँक खात्यांचा रकाना जागच्या जागी राहिला, तर दोन्ही रकान्यांची लांबी तंतोतंत समान असते आणि तरीही जवळजवळ प्रत्येक जोडी चुकलेली असते. अशा वेळी शेजारच्या रकान्याचाही समावेश करावा काय, असे विचारणारी सूचना तक्ता दाखवितो. घाईत ती न वाचताच पुढे जाणाऱ्याच्या हातून एकाची शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकते.

यास्तव तीन नियम पाळणे हितावह ठरेल. पहिला, हिशेबापूर्वी दोन्ही याद्यांतील नोंदी मोजाव्यात आणि दोन्ही संख्या कागदावर लिहाव्यात. दुसरा, जेथे माणसांचा प्रश्न आहे तेथे जोडी क्रमावरून लावू नये. सभासद क्रमांक, खाते क्रमांक किंवा हजेरीपटावरील क्रमांक दोन्ही याद्यांत असावा आणि तो जुळल्यावरच क्रिया करावी. जोडीदार न सापडलेली नोंद गाळू नये, ती वेगळी काढून दाखवावी. तिसरा नियम सर्वांत सोपा आहे: ज्या गोष्टी एकत्र जन्मतात त्या एकत्रच ठेवाव्यात. दूध मोजले आणि फॅट तपासली की दोन्ही आकडे एकाच ओळीत, त्याच नावापुढे लिहावेत. मग त्यांची पुन्हा जोडी लावण्याचा प्रसंगच येत नाही.

शिक्षकांना हा पाठ संगणकावाचूनही देता येईल. वर्गात मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या कराव्यात व प्रत्येकाच्या हाती एकेका अंकाचे कार्ड द्यावे. समोरासमोरच्या मुलांनी आपापले अंक गुणून उत्तर पाटीवर लिहावे. मग एका रांगेतील दुसऱ्या मुलास खाली बसवून उरलेल्यांना एकेक पाऊल सरकण्यास सांगावे. समोर कोणीच उरले नाही असे मूल रांगेच्या टोकाशी दिसेल. त्याचे काय चुकले, असे वर्गाला विचारावे. त्या मुलाचे काहीच चुकले नाही, हे उत्तर मुले स्वतःच देतील. आणि ते उत्तर ज्या मुलांना एकदा सापडले, ती पुढे कोणत्याही कार्यालयात बसली तरी यादीच्या शेवटच्या नावापर्यंत बोट नेल्याखेरीज वही मिटणार नाहीत.