कापरेकर सरांचा खेळ आणि माझी फजिती

नाशिकवरून बोलतोय. माझा दहावीतला चुलतभाऊ परवा म्हणाला, "दादा, श्रेढी म्हणजे नुसतं सूत्रच पाठ करायचं ना?" म्हटलं, वही आण.

आपल्या देवळालीत द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ शाळेत शिकवायचे. त्यांचा एक खेळ: संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १६ मध्ये १ आणि ६ मिळवले, २३ आले. २३ चे २८. एक संख्या आत, एकच उत्तर बाहेर. झालं की फंक्शन!

आता शोधा, कोणत्या संख्या उत्तर म्हणून कधीच येत नाहीत? त्या स्वयंभू संख्या. १, ३, ५, ७ सोडल्या तर पुढे ९, २०, ३१, ४२... थेट ९७.

"दादा, दरवेळी ११ चा फरक! अंकगणिती श्रेढी!"

पुढची १०८, तीही बरोबर. मी ऐटीत ११९ लिहिली. पोरानं तपासलं: १०९ आणि तिच्या अंकांची बेरीज १०, झाले ११९. श्रेढी तुटली!

दहा पदं जुळली म्हणून अकरावं जुळेलच असं नाही. रोज कोड टेस्ट करणारा मी, हे त्याच्याकडून शिकलो.

मग १०८ नंतरची स्वयंभू कोणती? घ्या वही!